कुत्रं घरात आणलंय? मग आधी गळ्यात नंबर घाला (आणि तरीही पळालंच तर काय करायचं)

आमची बुंदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पळाली आणि भाऊबीजेला सापडली. मधले दोन दिवस आणि तीन रात्री आम्ही पुण्यात कर्वेनगर ते वारजे पायी पालथं घातलं. तिला टॅग होता बरं का. छान पितळी, दोन्ही फोननंबर कोरलेला. फक्त तो तिच्या गळ्यात नव्हता, बाथरूमच्या दाराच्या खिळ्याला लटकत होता, कारण दिवाळी म्हणून तिलाही दुपारी अंघोळ घातली होती आणि ओला पट्टा वाळायला टांगलेला. पाहुणे आले, दार उघडलं, खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ती माझ्या पायांमधून जिन्यात.

तर जे आम्हाला उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून हे लिहितेय. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी आहे, जुन्या लोकांना यातलं बरंचसं माहीत असेल.

आधी यादी, हे घरात असू द्या

- नायलॉनचा बकलवाला पट्टा, शक्यतो दोन
- नंबर कोरलेला टॅग, हाही दोन (दुसरा कशाला ते पुढे सांगते)
- किल्ल्यांना असते तशी गोल दुहेरी रिंग
- लसीकरणाचं पुस्तक, त्यात रेबीजच्या लसीची तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का
- महापालिकेचं लायसन
- चिप बसवली असेल तर चिप नंबरचं स्टिकर (चिप म्हणजे काय ते पाचव्या मुद्द्यात)
- सहा फोटो, कुठले ते खाली आहे

१. नुसता पट्टा म्हणजे काहीच नाही

माझा सगळ्यात मोठा गैरसमज हा होता. मला वाटायचं की गळ्यात पट्टा दिसला की लोकांना कळतं, पाळलेलं आहे. पण आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणारी मंडळी त्यांनाही पट्टे घालतात, रात्री गाड्यांना दिसावीत म्हणून चमकणारे, ते चांगलंच आहे. पण मग बघणाऱ्याने काय समजायचं? पट्टा आहे, म्हणजे कुणीतरी खायला घालतं, म्हणजे इथलंच असेल, झालं. आणि देशी कुत्रं असेल तर विचारूच नका. लॅब्रेडॉर एकटा फिरताना दिसला तर लोक निदान थांबून बघतात, आमच्या बुंदीसारखी बदामी रंगाची देशी कुत्री प्रत्येक गल्लीत चार आहेत. तिच्यात आणि त्यांच्यात फरक फक्त एकच, तिच्या गळ्यात नंबर आहे. म्हणजे असायला हवा होता.

२. टॅगवर काय लिहायचं

जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असते, त्यामुळे कविता करू नका.

एका बाजूला दोन मोबाईल नंबर. एक तुमचा, दुसरा अशा कुणाचा तरी जो त्या वेळी घरात बसून फोन उचलेल. कुत्रं पळालं की तुम्ही रस्त्यावर असता, शंभर जणांना फोन लावत असता, तुमचा नंबर एंगेज आणि तासाभरात बॅटरी गुल. आमच्याकडे दुसरा नंबर आता माझ्या नणंदेचा आहे, ती मुंबईला असते तरी चालतं, तिला फक्त फोन उचलून आम्हाला कळवायचंय. ऑफिसने दिलेल्या सिमचा नंबर टाकू नका, नोकरी बदलली की टॅग मेला. आकडे इंग्रजीच टाका, कारण सापडवणारा वॉचमन किंवा बांधकामावरचा माणूस कुठल्याही राज्यातला असू शकतो.

दुसऱ्या बाजूला दोन-तीन शब्द. आम्ही "पाळीव आहे, फोन करा" असं टाकलंय. ओळखीतल्या एकांनी त्यांच्या बीगलच्या टॅगवर "औषध चालू आहे" लिहिलंय, ही आयडिया मला फार आवडली, आजारी कुत्रं ठेवून घ्यायला सहसा कुणी धजत नाही. कुत्र्याचं नाव टाकायचं की नाही यावर लोक वाद घालतात. मी टाकत नाही, जागा नंबरला हवी. घरचा पत्ताही नको.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये बरोबर उलटं आहे. तिथे १९९२ च्या नियमानुसार बाहेर नेलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असायलाच लागतो, आणि २०१६ पासून चिप सक्तीची झाली तरी हा नियम काही गेला नाही. तिकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

३. टॅग कुठे करून मिळतो

ऑनलाइन मिळतात, पेट शॉपमध्ये मिळतात, पण बऱ्याच स्वस्त टॅगवर अक्षरं नुसती वरवर छापलेली असतात. सहा महिने पट्ट्याच्या बकलवर घासून आमच्या पहिल्या टॅगवरचे शेवटचे तीन आकडे उडाले होते आणि कुणाचं लक्षच नव्हतं. कोरलेला घ्या, नखाला खाच लागली पाहिजे.

सगळ्यात सोपी जागा सांगू? भांड्यांचं दुकान. लग्नात द्यायच्या डब्यांवर नाव घालून देतात ना, तेच मशीन. कोरा स्टीलचा किंवा पितळेचा गोल बिल्ला घेऊन जा, टर्रर्र आवाज करत दोन मिनिटांत नंबर घालून देतात. आमच्या दुकानदारकाकांनी पेन हातात घेऊन अगदी सवयीने विचारलं, "सप्रेम भेट कुणाकडून?" ट्रॉफी बनवणारेही करून देतात. नंबर आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि कोरून झाल्यावर तिथेच उभं राहून त्या टॅगवर बघून फोन लावा. स्वतःच्या आठवणीतून नाही, टॅगवर बघून. एक आकडा चुकला असेल तर तिथेच कळतो.

४. अडकवायचा कसा

टॅगबरोबर बहुतेक वेळा इंग्रजी एस आकाराची तार येते, ती फेकून द्या. झुडपात अडकली की उघडते आणि टॅग कधी पडला ते कळत नाही. किल्ल्यांची दुहेरी रिंग घाला.

पट्टा किती घट्ट, तर मान आणि पट्ट्याच्या मध्ये दोन बोटं सरळ आत गेली पाहिजेत. त्यापेक्षा सैल असेल तर घाबरलेलं कुत्रं मागे सरकून, मान आखडून सटकतं. पिल्लू असेल तर दर आठवड्याला तपासा, वाढतात फार भराभर.

आता बाथरूमच्या खिळ्याचा प्रश्न. अंघोळ, गोचीड काढणं, पट्टा धुणं, कारण काहीही असो, पहिला पट्टा निघायच्या आधी दुसरा टॅगसकट जवळ असला पाहिजे आणि अंग पुसून झालं की तो चढला पाहिजे. म्हणून दोन पट्टे, दोन टॅग. रात्री टॅग वाजतो म्हणून काढून ठेवणारेही खूप आहेत, त्यांनी रिंगला थोडा रबर गुंडाळावा, पण काढू नये. आणि हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्टा) वापरत असाल तर टॅग हार्नेसला नको, पट्ट्यालाच. घरी आल्यावर हार्नेस काढतो आपण.

५. चिप, क्यूआर, जीपीएस

चिप बसवली आहे म्हणजे कुत्रं फोनवर दिसतं, असं अनेकांना वाटतं. दिसत नाही. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडतात, त्यात बॅटरी नसते, फक्त पंधरा आकडी नंबर असतो. तो वाचायला स्कॅनर लागतो आणि तो स्कॅनर रस्त्यावरच्या माणसाकडे नसतो, आम्ही ज्या दोन दवाखान्यांत विचारलं त्यातल्या एकाकडेही नव्हता. तरी बसवा. पट्टा काढून फेकता येतो, चिप नाही, आणि उद्या "हे माझंच कुत्रं" असा वाद झाला तर तीच उपयोगी पडते. युरोपात घेऊन जायचं असेल तर चिप आधी आणि रेबीजची लस नंतर किंवा निदान त्याच दिवशी, हा क्रम चुकला तर लस पुन्हा घ्यावी लागते. बसवताना डॉक्टरांना एकच विचारा, हा नंबर कुठल्या यादीत आणि कुणाच्या मोबाईलवर नोंदवलाय. आमचा नोंदवलेलाच नव्हता.

क्यूआरवाले टॅग चांगले आहेत पण समोरच्याकडे स्मार्टफोन, नेट आणि इच्छा तिन्ही लागतात. त्यावर नंबरही कोरलेला असेल तरच घ्या. एअरटॅगमध्ये (ॲपलचा, हरवलेल्या वस्तू शोधायचा छोटा बिल्ला) जीपीएस नसतं, आसपास दुसऱ्या कुणाचा ॲपलचा फोन असेल तरच त्याची जागा कळते. खरा जीपीएस ट्रॅकर सिमवर चालतो, चार्ज करावा लागतो. हे सगळं असलं तरी टॅगचं काम टॅगच करतो, साधा बटणांचा फोन असलेला माणूसही तो वाचून फोन लावू शकतो.

६. फोटो आणि फाईल

आमच्याकडे बुंदीचे चारशे फोटो होते आणि त्यातले पोस्टरला लावण्यासारखे दोन. बाकी सगळे नाकाचे क्लोजअप आणि झोपलेले. आजच काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उभं असताना, शेपूट, आणि एखादी खूण असेल ती जवळून. बुंदीच्या मागच्या उजव्या पंज्यावर एक नख पांढरं आहे, त्याचा फोटो आता आहे पण तो आम्ही कुठेच टाकत नाही. का ते दहाव्या मुद्द्यात.

पुणे, मुंबईत पाळीव कुत्र्याचं महापालिकेचं लायसन काढणं बंधनकारक आहे, रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. मुदत तपासत जा. हे सगळं एका पीडीएफमध्ये करून घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

७. पळतात कधी

दिवाळी, विसर्जनाचे ढोल आणि डीजे, लग्नाची वरात, भारत मॅच जिंकल्यावर, वळवाच्या पावसात वीज कडाडल्यावर. कुत्र्याला आपल्या दुपटीहून जास्त वरचे आवाज ऐकू येतात, तेव्हा बॉम्ब त्याला काय वाटत असेल बघा. आणि नवीन आणलेलं कुत्रं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, कारण त्याला हे घर अजून घर वाटतच नाही. त्या दिवसांत सोसायटीच्या आवारातसुद्धा मोकळं सोडू नका, कितीही गोड वागत असलं तरी.

फटाक्यांच्या दिवशी फिरवणं दुपारी चारच्या आत उरका आणि संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर कुत्रं आतल्या खोलीत, दार लावून. पाहुण्यांना राग आला तर येऊ दे.

८. पळालं! पहिले दोन तास

मागे धावू नका. मी धावले, जिन्यातून किंचाळत "बुंदी बुंदी" करत, आणि तिच्या दृष्टीने बॉम्बच्या पाठोपाठ अजून एक आवाज तिच्या मागे लागला. घाबरलेलं कुत्रं ते नेहमीचं कुत्रं नसतं. ते फक्त पळतं आणि लपतं, ओळखीचा माणूससुद्धा ओळखत नाही.

एकाने घरी थांबायचं, फोन हातात, गेट आणि दार उघडं. दारात त्याची गोधडी आणि तुमचा दिवसभर घातलेला न धुतलेला टीशर्ट. बाकीच्यांनी दोन दिशांना जायचं, चालत किंवा सायकलवर, गाडीवर नको, गाडीवरून काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पार्क केलेल्या गाड्यांखाली टॉर्च मारा, डोळे चमकतात. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, गच्चीवर बघा. गच्चीवर नक्की बघा, बरीच कुत्री खाली न जाता वर पळतात.

पहिल्या काही तासांत नाही सापडलं तर काय होतं, तर प्रत्येक गल्लीतली कुत्री त्याला हुसकावतात आणि ते पुढे पुढे सरकत अशा जागी पोचतं जिथे कुणाची हद्द नाही. नाल्याचा काठ, कॅनॉलची बाजू, अर्धवट बांधकामं, उभ्या बसेस. बुंदी हायवेच्या अलीकडे एका नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होती. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शोधा, आवाज नसतो, तेव्हाच ती खायला बाहेर पडतात.

९. कुणाला सांगायचं

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की आपल्याला वाटतं सगळ्यांना कळलं. ज्यांना कळायला हवं ते त्या ग्रुपवर नसतातच. पहाटे पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई, रिक्षा स्टँड, बांधकामावरचे वॉचमन, चिकनचं दुकान, आणि रात्री कुत्र्यांना खायला घालणारे. शेवटची मंडळी फार महत्त्वाची, आपल्या गल्लीत नवीन कुत्रं आलं तर त्यांना पहिल्या रात्रीच कळतं. यांना फोटोचा छोटा छापील कागद हातात द्या, त्यावर मोठ्ठा नंबर. आमचा कागद पंचवीस जणांकडे होता आणि फोन आला तो सव्विसाव्याचा, चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी हातात बघून.

पोस्टरवर मराठी आणि हिंदी, एक मोठा फोटो, कुठून कधी हरवली, नंबर, आणि "पकडू नका, फक्त फोन करा". विजेच्या खांबांवर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, दंड होऊ शकतो. दुकानदाराला विचारून काचेला आतून लावा, ते जास्त दिवस टिकतं. सापडल्यावर काढायलाही जा.

महापालिकेकडे दुसऱ्याच दिवशी चौकशी करा, फोनवर "असं कुठलं कुत्रं नाही" म्हटलं तरी प्रत्यक्ष जाऊन बघा. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदीसाठी उचललेली कुत्री ऑपरेशन आणि लस झाल्यावर जिथून उचलली तिथेच सोडतात. म्हणजे तुमचं टॅग नसलेलं देशी कुत्रं वारज्यातून उचललं तर वारज्यातच सोडणार, तुमच्या दारात नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला, परत तिथे न सोडायला सांगितलंय. टॅग नसेल तर तुमचंही भटक्यातच मोजणार.

कुणी उचलून नेलंय असा संशय असेल तर पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "कुत्र्याची कसली तक्रार" असं ऐकायला मिळेल, आम्हाला मिळालं. तेव्हा शांतपणे सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरी समजवायला जी उदाहरणं दिलीत त्यातलं एक कुत्र्याचंच आहे. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावलं, की कुत्रं मागे निघालं त्या क्षणी चोरी झाली. जुन्या आयपीसीतही हेच होतं.

१०. खोटे फोन

नंबर बाहेर गेला की हे येणारच. "तुमची कुत्री माझ्याकडे आहे, मी आता गावाला निघालोय, टेम्पोचे दोन हजार पाठवा मग सोडतो." रात्री अकरा वाजता, तीन दिवस झोप नसताना, माणूस पाठवतो. मी पाठवायला निघाले होते, नवऱ्याने फोन काढून घेतला. विचारायचं, व्हिडिओ कॉल करा. नाही म्हटलं तर, मागच्या पायाचं नख कुठल्या रंगाचं आहे ते बघून सांगा. म्हणून ती खूण कुठे छापायची नाही. बक्षीस असेल तर नुसतं "योग्य बक्षीस" लिहा, आकडा नको. पैसे कुत्रं हातात आल्यावर.

११. दिसलं तर

चौथ्या दिवशी सकाळी वॉचमनकाकांचा फोन आला. पोचलो तर ती खडीच्या ढिगामागे, तीसेक फुटांवर, कान मागे, माझ्याकडे बघतेय आणि ओळखत नाहीये. मी एक पाऊल पुढे टाकलं, ती दोन मागे. मग नवऱ्याला फाटकाबाहेर उभं केलं आणि मी तिच्याकडे पाठ करून तिथेच सिमेंटच्या धुळीत बसले. तिच्या खाऊच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, उघडलं, बंद केलं. रोज सकाळी तिला म्हणते तेच म्हणत राहिले, "चला, दूध आलं, दूध आलं." हाक मारली नाही, वळून बघितलं नाही. वीस मिनिटं गेली असतील. मग कोपराला ओलं नाक लागलं. तेव्हाही लगेच झडप घालायची नाही बरं का, हाताचा वास घेऊ द्यायचा, पट्टा नसेल तर आधी दोरीचा फास हळूच मानेवरून, मग मिठी. तिने माझ्या मांडीवर शू केली, मी रडले, वॉचमनकाका दुसरीकडे बघत राहिले.

ते म्हणाले, "पहिल्या रात्रीच आली होती, पोळी घातली मी. पट्टा-बिट्टा असता तर तेव्हाच फोन केला असता की." पहिल्या रात्रीच.

१२. घरी आल्यावर

लगेच पोटभर जेवण नको, थोडं थोडं. गोचीड काढा, पंजे बघा, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. कुठे चावल्याच्या खुणा असतील तर रेबीजच्या लसीचं डॉक्टरांना विचारा, आधीची घेतलेली असली तरी. पकडताना तुम्हाला चावलं असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःचं इंजेक्शन त्याच दिवशी, आपलंच कुत्रं आहे म्हणून टाळू नका, ते तीन दिवस कुणाकुणाशी भांडलंय आपल्याला माहीत नाही. ज्यांना ज्यांना कागद दिला त्यांना सापडल्याचं कळवा.

वॉचमनकाकांचा नंबर माझ्याकडे "बुंदी वॉचमन" नावाने सेव्ह आहे. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दुपारी त्यांचाच फोन आला. ना नमस्कार ना शुभेच्छा, थेट, "अंघोळ झाली का तिची? पट्टा घातला का परत?"